केसपेपरवरचे एक वाक्य



डॉक्टर, पोलीस, वकील आणि आपण समाजकार्यकर्त्या एकाच बाईसाठी काम करतो, पण एकमेकांशी बोलत नाही. त्याची किंमत कोण मोजते, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी भाजलेली एक बाई रात्री दवाखान्यात आली. सोबत सासू. केसपेपरवर लिहिले गेले, 'स्टोव्हचा भडका होऊन भाजली.' दुसऱ्या संध्याकाळी सासू खाली गेली, तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, त्यानं रॉकेल ओतलं." मी वहीत लिहून घेतले. सकाळी वकिलांशी बोलू, असे ठरवून घरी गेले. पहाटे ती वारली.

हवालदार म्हणाले, "कागदावर अपघात आहे." डॉक्टर म्हणाले, "आम्ही उपचारापुरते विचारतो. सांगितले ते सासूने." वकीलबाई म्हणाल्या, "मग सासूने सांगितले, असे लिहायला नको?" डॉक्टरांच्या लेखी जी 'हिस्टरी', ती कोर्टात पुरावा होते, हे तिघांनी एकत्र बसून कधी बोललेच नव्हते.

आणि मी? डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. 'त्यांना काय पडले आहे' असे गृहीत धरून मी गप्प राहिले. मी तेव्हाच सांगितले असते, तर रात्रीच जबाब झाला असता. दंडाधिकारी येईपर्यंत थांबण्याचीही सक्ती नाही. मृत्युपूर्व जबाब डॉक्टरही घेऊ शकतात. डॉक्टरांचा दाखला नाही एवढ्यावरून असा जबाब बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितले आहे. हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते.

एकत्र काम करणे अशक्य नाही. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसू लागली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र दवाखान्याच्या आतच उभे राहिले.

आमच्याकडे आता महिन्यातून एकदा डॉक्टर, नर्स, पोलीस, वकील आणि आम्ही एका टेबलाशी बसतो. भांडणेही होतात. पण केसपेपरवर तीन गोष्टी येऊ लागल्या आहेत: कोणी सांगितले, जवळ कोण होते, किती वाजता.

बाई बोलली, तर तिचे बोलणे आपल्या वहीत कोंडून ठेवू नका. तिला विचारा, आणि त्याच क्षणी शेजारच्या खोलीचे दार वाजवा.