उशीर टाळण्याचे शास्त्र



भारतातील एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या शोधकार्यातून उघड झाला, आणि १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, मोफत देण्यास आरंभ केला. औषधे हाताशी असूनही माणसे दगावतात, याचे मुख्य कारण ती उशिरा उपचाराला पोहोचतात हे आहे.

हा विषाणू प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या सीडी४ पेशी नष्ट करतो. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की आजार प्रगत मानला जातो, आणि एरवी शरीर सहज थोपवते असे जंतू, बुरशी व परजीवी बळावतात. यांनाच संधिसाधू संसर्ग म्हणतात.

यांपैकी भारतात सर्वाधिक आढळणारा आणि सर्वाधिक घातक ठरणारा आजार क्षयरोग होय. तो सीडी४ पेशी पुरेशा असतानाही जडू शकतो. म्हणून बाधित व्यक्तीला प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांविषयी चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर तपासणी होते. चारही नकारार्थी असतील तर क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज दिली जाते आणि मज्जातंतूंच्या रक्षणासाठी तिला ब-६ जीवनसत्त्वाची जोड असते. सक्रिय क्षयरोग नाही याची खात्री आधी करावी लागते, कारण तो असताना एकच औषध दिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात. हे चार प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, आणि तरीही ते विचारायचे राहून जातात, ही खरी खंत आहे.

सीडी४ पेशी ३५० च्या खाली असल्यास को-ट्रायमोक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी न्यूमोसिस्टिस बुरशीमुळे होणारा न्यूमोनिया आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे होणारा मेंदूचा आजार टाळते. मात्र ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करू नये. प्रगत आजारात दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी क्रिप्टोकॉकस बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहाची खूण असू शकते.

उपाय असूनही उशीर का होतो, हे गावात दिसते. आपले लाखनी हे राष्ट्रीय महामार्गावरील, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव आहे. अशा गावात चेहरे ओळखीचे असतात, आणि तपासणी केंद्राच्या दाराशी कोणी पाहील या भीतीने चाचणी पुढे ढकलली जाते. खोकल्याने अंथरूण धरले की मग निदान होते, तोवर गोळ्यांनी टळले असते ते घडून गेलेले असते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तो संमतीविना चाचणीला, माहिती उघड करण्याला आणि शिक्षण, नोकरी व उपचारांतील भेदभावाला मनाई करतो. कायदा दप्तरात राहू नये, यासाठी तो पाळणारी माणसे गावात हवीत.

आजच्या स्नातकांपैकी कोणी शिक्षक होईल, कोणी औषधविक्रेता, कोणी ग्रामपंचायतीत बसेल. त्यांनी १०९७ हा निःशुल्क मदत क्रमांक गावाला ठाऊक करून द्यावा, दीर्घ खोकल्याच्या माणसाला रुग्णालयाची वाट दाखवावी आणि चाचणीला गेलेल्या शेजाऱ्याचे नाव चौकात पोहोचू देऊ नये.