नवं जरूर घ्या, पण जुनं लगेच काढू नका

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला ‘पंचवीस वर्षांत बदललेलं तंत्रज्ञान आणि पुढची पंचवीस वर्षं’ असा विषय दिलाय. पहिला भाग ठीक आहे, दुसऱ्या भागाबद्दल आधीच माफी मागतो. भविष्य सांगायचं काम मी सोडलंय. का सोडलं, तेच आज सांगणार आहे.

मला सोसायटीतली मुलं ‘गॅजेटकाका’ म्हणतात. माझ्या पाठीमागे मोठी माणसं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. नवी वस्तू बाजारात आली की ब विंगच्या तिसऱ्या मजल्यावर ती पहिली येणार, हे ठरलेलंच. घरात एक कपाट आहे. बायको त्याला ‘स्मशान’ म्हणते. त्यात पेजर आहे, दोन पाम-टॉप आहेत, चार प्रकारचे चार्जर आहेत, आणि थ्रीडी टीव्हीचे सहा चष्मे आहेत. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, चष्मे मात्र राहिलेत. ‘अवतार’ सिनेमा २००९ च्या शेवटी आला, जग वेडं झालं, आणि मी २०११ साली याच सभागृहात छातीठोकपणे सांगितलं होतं की पाच वर्षांत साधा टीव्ही कुणाकडे उरणार नाही. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही बनवणंच बंद केलं. आमच्याकडे पाहुणे आले की चष्मा लावून सोफ्यावर बसायचं आणि अर्ध्या तासात डोकं धरायचं, हे कंपनीच्या जाहिरातीत नव्हतं.

बरं, चूक एकाच बाजूने होते असंही नाही. २०१६ साली यूपीआय आलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे बँकेतल्या बाबूंचे खेळ, आपल्या गेटसमोर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी काही मोबाइलवर पैसे घेणार नाहीत. आज माझ्या खिशात सुटे पैसे असले तर मावशीच म्हणतात, “काका, सुटे कुठे मोजत बसता, स्कॅन करा की!” थ्रीडी टीव्ही येणार म्हणालो, तो गेला. मावशी घेणार नाहीत म्हणालो, त्यांनी माझ्याआधी घेतलं.

माझ्यासारख्या हौशी माणसाचं सोडा. १९८० च्या दशकात अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने मॅकिन्झीच्या तज्ज्ञांना विचारलं, २००० सालापर्यंत देशात किती मोबाइल असतील? उत्तर आलं, नऊ लाख. प्रत्यक्षात दहा कोटींच्या वर झाले. दुसरे रॉबर्ट मेटकाफ. आपल्या संगणकाला जी इथरनेटची वायर लागते, तिच्या जनकांपैकी एक. त्यांनी १९९५ साली लिहिलं की इंटरनेट १९९६ मध्ये कोसळणार. कोसळलं नाही. मग १९९७ साली या गृहस्थाने भर परिषदेत आपल्या लेखाचा कागद पाण्यात घालून मिक्सरमधून काढला आणि लोकांसमोर खाल्ला! भविष्य सांगणाऱ्या प्रत्येकाला हा नियम लावला तर निम्मे अंदाज आपोआप बंद होतील. माझा थ्रीडी टीव्हीचा अंदाज मी तोंडीच सांगितला होता म्हणून वाचलो.

आपली सोसायटी उभी राहिली २००० साली. त्याच्या आदल्या वर्षी ‘वाय-टू-के’ची धास्ती होती, आठवतं? विमानं पडणार, बँकेतले पैसे गायब होणार. मी ३१ डिसेंबरला बादल्या भरून ठेवल्या होत्या. काही झालं नाही, म्हणून सगळे हसले. पण ते हसणंही पूर्ण खरं नव्हतं. काही झालं नाही, कारण जगभरच्या प्रोग्रॅमरांनी आधी काही वर्षं खपून त्या तारखा दुरुस्त केल्या होत्या. त्यात आपल्या डोंबिवलीची मुलंही होती. तेव्हा अंदाज चुकला म्हणजे तो फुकट गेला असं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता नेटवर्ककडे येतो, कारण वार्षिक सभेत पाण्याच्या खालोखाल भांडणं त्यावरच होतात.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. आपण इथे राहायला आलो तेव्हा फोन वाजला की आधी नंबर बघायचा, मग जिन्याखालच्या पीसीओवर धावायचं. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि एक नवीनच भाषा जन्माला आली. एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. हा शोध कुठल्याच तज्ज्ञाच्या अहवालात नव्हता. तो आपण लावला, काटकसरीतून.

मग थ्रीजी, फोरजी, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजीचं उद्घाटन. दर वेळी सांगितलं गेलं की आता सगळं बदलणार. मी दर वेळी पहिल्या महिन्यात फोन बदलला. आणि दर वेळी आपली लिफ्ट जिथे होती तिथेच राहिली. आत शिरलं की कॉल तुटला.

यात कंपनीची लबाडी कमी आणि निसर्गाचा नियम जास्त आहे. लहरीची कंपनसंख्या जितकी जास्त, तितका वेग देता येतो, पण तितकी ती भिंतीला हरते. फाइव्हजीचा मोठा वेग ज्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मिळतो, त्या लहरी काँक्रीटपुढे लवकर दमतात. भिंतींना कान असतात म्हणतात, पण या लहरींना भिंत म्हणजे भिंतच. मी एका रविवारी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मोजमाप केलं. गच्चीवर उणे ७८ डीबीएम, लिफ्टमध्ये उणे ११८. दर दहा आकड्यांना ताकद दहापट घटते. म्हणजे लिफ्टमध्ये गच्चीच्या दहा हजारावा भाग सिग्नल! आणि फोनवर काड्या किती? गच्चीवर चार, लिफ्टमध्ये एक. त्या काड्यांना कुठलंही ठरलेलं माप नाही बरं का. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने दाखवते. तेव्हा ‘माझ्या फोनला तुमच्यापेक्षा दोन काड्या जास्त’ हे भांडण आजपासून बंद करा.

आणखी एक. काड्या भरलेल्या असूनही नेट चालत नाही, अशी तक्रार येते. मोबाइलचा टॉवर म्हणजे आपली सकाळची लोकल. गाडी फलाटावर दिसते, म्हणजे बसायला जागा आहे असं नाही. डबे तेवढेच आणि माणसं वाढली की लोंबकळायचं. रात्री नऊ वाजता सगळी सोसायटी मॅच बघायला लागली की तेच होतं.

तीच गोष्ट नवीन फोनच्या आकड्यांची. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा शेजारचे सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो. त्यात गैर काही नाही, अंधारात फोटो चांगला येतो. पण वीस हजार जास्त देताना आपण काय विकत घेतोय ते ठाऊक असावं. मी दुकानात शिरताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो, जुन्या फोनचं नक्की काय अडतंय? बहुतेक वेळा उत्तर निघतं, बॅटरी. बॅटरी बदलायला फार पैसे पडत नाहीत. हे शहाणपण अलीकडचं आहे. कपाट भरल्यावरचं.

हे सगळं हसत हसत सांगितलं. आता जे सांगायचंय ते हसण्यासारखं नाही.

२०१९ च्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला होता की जुनी इंटरकॉम यंत्रणा काढून टाकावी आणि गेटसाठी मोबाइल ॲप घ्यावं. इंटरकॉमला दर वर्षी दुरुस्तीचा खर्च होता, निम्म्या घरांत रिसीव्हर बिघडले होते. मी पडद्यावर चित्रं दाखवली, हिशेब दाखवला. फक्त अ विंगमधल्या आजी उठून म्हणाल्या, “अरे, तो फोन उचलला की गेटवर घंटी वाजते. मला तेवढंच लागतं. तेवढं राहू दे ना.” मी म्हटलं, “आजी, ॲपवर सगळं होतं, मी शिकवतो तुम्हाला.” सभा हसली. ठराव मंजूर झाला. मी त्यांना खरंच शिकवलं, दोन रविवार.

पुढचं सांगायला आजींची परवानगी घेतली आहे. त्या समोर पहिल्याच रांगेत बसल्यात.

जुलै २०२३ मधली पावसाची रात्र. संध्याकाळी लाईट गेली ती गेलीच. घराघरातले राउटर बंद. जवळच्या टॉवरची बॅटरी काही तास टिकली, मग मोबाइलही गेले. आजी एकट्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास न्हाणीघराच्या दारात त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन खोलीत, पलंगाशेजारी. तो हातात असता तरी उपयोग नव्हता. अंधारात त्या ओढत ओढत पॅसेजपर्यंत आल्या. नंतर इस्पितळात त्यांनी मला सांगितलं, “माहीत होतं रे, तो काढलाय. तरी हात भिंतीकडेच गेला. वायर लोंबायची ना त्याची, ओढली असती तर खाली आला असता.” त्या जागी भिंतीवर दोन स्क्रू आणि रंगाचा एक फिका चौकोन होता.

मग त्यांनी तांब्या घेऊन पाण्याच्या पाइपवर वाजवायला सुरुवात केली. वरच्यांना वाटलं, पाइपमध्ये हवा अडकलीय. पहाटे पाचला वॉचमन पंप सुरू करायला गेला तेव्हा त्याने ऐकलं. त्याने मला फोन लावून बघितला, लागला नाही. म्हणून तो धावत तीन जिने चढून माझ्या दाराशी आला. तोवर तीन तास झाले होते.

जुन्या इंटरकॉमचं यंत्र मीटररूममध्ये होतं. त्याला स्वतःची बॅटरी होती, स्वतःच्या तारा होत्या. त्याला कुठला टॉवर लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं, पासवर्ड लागत नव्हता. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेला माणूस. हे मला माहीत होतं. सभेत मी ते सांगितलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही. ॲपचा दोष नाही. ते जे करतो म्हणालं होतं ते करत होतं. चूक अंदाजाची होती, आणि तो अंदाज माझा होता. २६ जुलै २००५ ला नेटवर्क कोलमडल्यावर मी स्वतः रुळांवरून चालत घरी आलो होतो, तरीही मला सुचलं नाही.

त्यानंतर मी नव्या वस्तूला तीन प्रश्न विचारतो. लाईट गेली तर हिचं काय होतं? बनवणारी कंपनी उद्या बंद पडली तर काय होतं? आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला अंधारात, चष्म्याशिवाय ती वापरता येते का? तिन्हींची उत्तरं मिळाली तरी जुनी वस्तू एक पावसाळा शेजारी चालू ठेवायची. मग काढायची.

आता गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसवावं असा प्रस्ताव आलाय. तरुण मंडळी उत्साहात आहेत. मी विरोध करणार नाही. उलट यंत्र उघडून बघायला मीच पहिला येईन! पण हे तीन प्रश्न सभेत विचारणार, आणि आणखी एक, आपले चेहरे साठवले कुठे जाणार? उत्तर लेखी हवं.

आणि तुम्हाला माहीतच आहे, गेल्या सभेत इंटरकॉम परत बसवायचा ठराव झाला. मांडला मीच. ॲपही राहील, इंटरकॉमही राहील. काम पूर्ण झालंय. आता त्याची निगा ठेवायची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्येकाने एकदा रिसीव्हर उचलून गेटवर घंटी वाजते का बघायचं. मीटररूममधल्या बॅटरीची तारीख मी फलकावर लिहून ठेवलीय. तपासणीसाठी मला तीन मुलं हवी आहेत, प्रत्येक विंगमधून एक. नावं आजच द्या.

२०५० साली सुवर्णमहोत्सवात काय असेल ते मी सांगणार नाही. कागद खायची माझी तयारी नाही. मात्र पहिल्या रविवारी अकरा वाजता सगळ्यात आधी कुणाची घंटी वाजली, ते सांगू शकतो. अ विंग, तळमजला. आजींनी वॉचमनला एवढंच विचारलं, “ऐकू येतंय ना रे?”