डॉक्टर भाऊ दाजी आणि खष्टाचं तेल

सह्याद्रीच्या ओल्या रानात एक झाड वाढतं, कडू कवठाचं. गोव्याकडं त्याला खष्ट म्हणतात. फळ गोल, टणक सालीचं. फोडलं, की आत दाटीनं बसलेल्या बिया. याच बियांच्या तेलाचं औषध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोग्यांना दिलं. भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 1851 सालच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. शिक्षण इंग्रजी वैद्यकाचं, व्यासंग संस्कृत ग्रंथांचा. जुनं औषध त्यांनी रोग्यांवर पारखून पाहिलं. मला त्यांचं मोठेपण या पारखण्यातच दिसतं.

कुणी विचारेल, या तेलानं कुष्ठरोग पुरता बरा कुठं होत होता? रास्त प्रश्न आहे. खात्रीच्या इलाजाची वाट 1940 नंतर सल्फोन औषधांनी दाखवली. पण तोवर जगभरच्या डॉक्टरांच्या हाती याच कुळातल्या बियांचं तेल होतं. ते घट्ट, टोचायला अवघड. 1915 च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी ते टोचता येईल असं केलं. म्हणजे भाऊ दाजींची दिशा बरोबर होती.

दुसरा आक्षेप असा, की त्यांनी औषधाचं नाव गुप्त ठेवलं. हा आक्षेप मला पटतो. नाव उघड असतं, तर इतर डॉक्टरांनाही ते पारखता आलं असतं. 1874 साली भाऊ दाजी गेले. खष्टाच्या तेलावरचं काम मात्र पुढं कितीतरी वर्षं चालू राहिलं.