समतेचा पहिला वर्ग
(कांजूरमार्ग येथील भाषण)

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. श्रमिकांची मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पाने, बिया, शिंपले हे तिचे साहित्य. बिया निवडताना मूल वर्गीकरण, म्हणजेच विचार, शिकते. आपल्या पाळीची वाट पाहताना सहजीवन शिकते. गोष्ट ऐकताना भाषा कमावते. अक्षर-अंक त्यानंतरचे. कांजूरमार्गच्या वस्तीतील मुलाला हे लाभले नाही, तर पहिलीच्या वर्गात विषमता त्याच्या आधीच येऊन बसते. घटनेच्या ४५व्या कलमात सहा वर्षांखालील मुलांचे शिक्षण आजही केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे. ते हक्क व्हावे, यासाठी समतावाद्यांनी झगडले पाहिजे.