विधेयक अडते कुठे?



'विधानसभेत विधेयक मंजूर' अशी बातमी ऐकली की आपल्याला वाटते, कायदा झाला. पण महाराष्ट्रात सभागृहे दोन आहेत, त्यामुळे तेव्हा निम्मीच वाट सरलेली असते.

जादूटोणाविरोधी कायद्याचेच पाहा. मसुदा तयार व्हायचा, विधी व न्याय विभागाने तो तपासायचा, मंत्रिमंडळाने होकार द्यायचा आणि मग मंत्र्यांनी तो सभागृहात मांडायचा. पहिले वाचन बहुधा उपचारापुरते. झटापट होते ती दुसऱ्या वाचनात, एकेका खंडावर. इथे तर बाहेरही रान उठले होते. कीर्तन, वारी कायद्याच्या कचाट्यात सापडेल, अशी वारकऱ्यांमध्ये धास्ती होती. अखेरच्या कायद्यात यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन हे सारे नाव घेऊन वगळले आहे.

2005 साली विधानसभेने विधेयक मंजूर केले. विधान परिषदेत ते रखडले आणि 2009 मध्ये विधानसभेबरोबर बुडाले. परिषद कधी विसर्जित होत नाही हे खरे. पण विधानसभेने मंजूर करून परिषदेकडे धाडलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते.

आता गंमत ऐका. राज्यघटनेच्या 197व्या अनुच्छेदाप्रमाणे परिषदेला विधेयक तीनच महिने अडवता येते. विधानसभेने ते दुसऱ्यांदा मंजूर केले, की आणखी एक महिना. बस्स! मग इतकी वर्षे ते अडले कसे? ते दुसऱ्यांदा मंजूर करून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. परिषदेचा आडोसा साऱ्यांनाच सोयीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. चारच दिवसांत अध्यादेशावर राज्यपालांची सही झाली. अधिवेशन सुरू झाल्यावर अध्यादेश फार तर सहा आठवडे टिकतो, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आणणे भागच होते. डिसेंबरात दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळाली, राज्यपालांची संमती आली आणि राजपत्रात 2013चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 30 छापला गेला.

तेव्हा यापुढे एखादे विधेयक 'परिषदेत अडले' असे कोणी सांगितले, तर आपल्या आमदारांना एवढेच विचारा : तीन महिने उलटले, तुम्ही ते पुन्हा मंजूर का केले नाही?