खेळातले तीन सोबती कसे निवडावेत?

आज एका वेगळ्या पत्त्यांच्या खेळाविषयी बोलूया. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कथेवरचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा खेळ 2011 साली आला. यात एकमेकींना हरवायचं नसतं. जिंकलो तर सगळ्या, हरलो तरी सगळ्या.

प्रत्येकीनं तीनपर्यंत नायक घ्यायचे. प्रत्येकाच्या पत्त्यावर धोक्याचा आकडा असतो. त्यांच्या बेरजेपासून खेळ सुरू होतो आणि आकडा 50 झाला की आपण बाद.

समजा, मोहीम रोहन या घोडेस्वारांच्या देशातली आहे. मग तिथलेच थेओड्रेड 8, डुनहेअर 8 आणि एओविन 9 घेऊ. बेरीज 25. एओविनचं हल्ल्याचं बळ 1, पण इच्छाशक्ती 4, पहिल्या पेटीतल्या बारा नायकांत सर्वांत जास्त! मोहीम पुढे सरकते ती इच्छाशक्तीवरच.

लढाईत मात्र हे तिघं कमी पडतात. म्हणून शेजारणीनं अरागॉर्न, गिमली, लेगोलस घ्यावेत. कथेतही ते रोहनला जातात. त्यांची बेरीज 32 होते, पण लेगोलसचा बाण आपल्यावर आलेल्या शत्रूलाही लागतो.

तेव्हा निवडताना दोन गोष्टी विचारू: हा या कथेत शोभतो का? आणि शेजारणीला कशाची उणीव आहे?