राजीनामा लिहिण्यापूर्वी



नोकरीत मन रमत नाही, ती सोडावी काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना छळतो. आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी चाळिशीच्या सुमारास भागीदारांशी मतभेद होऊन छापखाना सोडला. पुढे विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडनहून चित्रपटविद्या आणली. भांडवल मिळविण्यासाठी आधी वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचा छोटा चित्रपट करून दाखविला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

सोडण्यास संताप पुरतो. नव्याने उभे राहण्यास विद्या आणि प्रयोग लागतात. संसाराचा भार असलेल्यांनी क्रम उलटावा. राजीनामा लिहिण्यापूर्वी आपला वाटाणा रुजवून पाहावा.